एक सीडी, दोन खोल्या

माझ्या दिरांना आमच्या रस्त्यावर सगळे ‘फूटपट्टी’ म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. रस्त्यावर एकही गाडी नसली तरी सिग्नल हिरवा होईपर्यंत ते उभे राहत. वाचनालयाचं पुस्तक मुदतीच्या आदल्या दिवशीच परत करत, कारण मुदतीच्या दिवशी ताप आला तर काय घ्या! एकदा पोस्टात खिडकीपाशी चिटपाखरू नव्हतं, तरी ते जमिनीवरच्या पिवळ्या रेघेमागे थांबून राहिले. शेवटी आतली बाई ओरडली, “या की पुढे! बँड लावू का तुमच्यासाठी?” तेव्हा कुठे ते हलले.

लोक हसत, मीही हसत असे. पण आज लिहायला बसले आहे ते हसण्यासाठी नाही. भाऊजींना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं, ते सबंध ठाऊक असलेली आता मी एकटीच आहे. रोज डायरी लिहायची सवय असल्याने तारखांत आणि कोण काय बोललं त्यात फारशी चूक होणार नाही.

भाऊजी नकाशे काढत. रस्त्यांचे आणि शहरांचे नकाशे छापणारी एक खाजगी कंपनी होती, तिथे त्यांनी चौतीस वर्षं काढली. तिरकं टेबल, वाकवता येणारा दिवा, बारीक निबांचे पेन आणि शर्टाच्या खिशात कायम एक भिंग. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणत, “स्केल जुळली नाही.” सासऱ्यांनी बांधलेल्या बैठ्या घरात पुढची खोली आमची आणि मागची त्यांची. मधे माझं स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक अरुंद पॅसेज.

माझ्या यजमानांची छोटी प्रेस होती. पावत्या, व्हिजिटिंग कार्डं, दिनदर्शिका असली कामं. हे भावापेक्षा चार वर्षांनी मोठे आणि स्वभावाने अगदी उलटे. काम आलं की आधी हो म्हणायचे आणि मग ते कसं करायचं याचा विचार करायचे. एका वर्षी यांनी शहराची खिशात मावणारी मार्गदर्शिका छापायला घेतली. तिला नकाशा हवा होता. यांनी बाजारातून एक नकाशा आणला, कामगाराकडून ट्रेस करून घेतला आणि छापून टाकला. तो भाऊजींच्या कंपनीचा होता हे यांना ठाऊक होतं. “सगळे करतात,” इतकंच म्हणाले.

नकाशा काढणारे एक युक्ती करतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नकाशात कुठेतरी एखादी खोटी गल्ली घालून ठेवतात. प्रत्यक्षात ती नसते. दुसऱ्या कोणाच्या नकाशात ती दिसली, की चोरी पकडली जाते. भाऊजींनी पाण्याच्या टाकीमागे अशी एक गल्ली काढली होती आणि तिला नाव दिलं होतं ‘माई गल्ली’. माई म्हणजे माझ्या सासूबाई. मार्गदर्शिका घरात आली तेव्हा त्यांनी सहज भिंग लावलं, आणि टाकीमागे माई दिसली. यांच्या प्रेसने आपल्याच आईचं नाव न वाचता उतरवून घेतलं होतं.

मार्गदर्शिका बाजारात आल्यावर कंपनीने विचारलं, हा नकाशा आपला का? भाऊजींनी हो म्हटलं. सगळ्या मार्गदर्शिका रद्दीत गेल्या. हे म्हणाले, “सख्खा भाऊ, आणि साक्ष दिलीस?” भाऊजी म्हणाले, “मला विचारलं, मी खरं सांगितलं. दादा, तू मला आधी विचारलं असतंस तर मीच नवा काढून दिला असता.” त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. एका घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, अकरा वर्षं.

त्या अकरा वर्षांत मी टपालखातं झाले होते. “वहिनी, दादाला सांगा, गीझर चालू ठेवलाय.” “त्याला सांग, मला दिसतंय.” यांचं पुन्हा वर, “आणि त्याला सांग, दिव्यावर फूटपट्टी लावून वीज वाचत नसते.” मी म्हणे, “मी एवढं नाही सांगणार, स्वतः जाऊन सांगा.” हे म्हणत, “मग राहू दे.”

आमची लेक दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरच्या नोकरीत होती. हे साठीच्या पुढे गेले, प्रेस विकली आणि दिवसभर खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या खोड्या काढायला लागले, तेव्हा तिने ऑफिसने मोडीत काढलेली दोन मशिनं आणली. एक बाबांना, एक काकांना. पॅसेजच्या कडेने, जमिनीलगत, क्लिपा ठोकत तिने वायर नेली आणि दोन्ही मशिनं जोडली. मग एक खेळ घालून दिला. त्यात समुद्र होता, बेटं होती. ज्याने त्याने आपल्या बेटावर बंदर बांधायचं, रस्ते काढायचे, जंगल राखायचं, एकमेकांकडे जहाजं पाठवायची. खाली एक पट्टी होती, तिच्यात टाइप केलं की दुसऱ्याला वाचता येई.

“पण सीडी एकच आहे,” मी म्हटलं.

“एकच पुरते, आई. खेळ सुरू होताना लागते फक्त. बाबांकडे सुरू झाला की काढायची आणि काकांकडे घालायची. सगळे असंच करतात.”

मला वाटलं, दोघे त्याला हात लावणार नाहीत. आठवडाभर लावलाही नाही. मग एका दुपारी चार वाजता यांनी हाक मारली, “अगं, ती चकती मागे नेऊन दे. फूटपट्टीला म्हणावं, बेट तयार आहे.” मी सीडी बोटात अंगठीसारखी अडकवून पॅसेजमधून नेली. भाऊजींचं मशीन आधीच सुरू होतं.

मार्चपासून ऑगस्टपर्यंत रोज चार ते सहा. टाइप केलेलं बोलणं हे बोलणं नव्हे, असा दोघांनी मनाशी निवाडा केला असावा. हे दोन बोटांनी टाइप करत आणि मला वाचून दाखवत. “लाकूड पाठव.” “आधी मागचं परत कर.” “तुझ्या बेटावर माणसं कमी आणि रस्तेच जास्त.” “तुझ्या बेटावर धान्याचं कोठार नाही, लोक काय खाणार, तुझी व्हिजिटिंग कार्डं?” मी चहा घेऊन इकडून तिकडे जाई. दोन्ही खोल्यांत दोन म्हातारे आपापल्या पडद्याकडे बघून हसत. मी कोणालाच काही म्हणत नसे. उगाच नजर लागायची.

ऑगस्टच्या नऊ तारखेला यांनी सीडीबरोबर खेळाची पुस्तिकाही पाठवली. भाऊजींना पूल बांधायला जमत नव्हतं, ते कसं करायचं हे तिच्यात दिलं होतं. अर्ध्या तासाने भाऊजी पुस्तिका उघडी धरून स्वयंपाकघरात आले. भिंग हातात होतं.

“वहिनी, हे वाचा. एक प्रत, एक कॉम्प्युटर. दोन मशिनांवर खेळायचं तर दोन प्रती घ्यायच्या, असं लिहिलंय.”

“अहो भाऊजी, सगळे असंच करतात म्हणे.”

“हे वाक्य मी आधी ऐकलंय.”

मी हातातली सुरी खाली ठेवली. “घरात वर्तमानपत्र एकच येतं. दोघंही वाचता ना?”

“दादा वाचत असतो तेव्हा मी थांबतो. त्याचं झालं की मी घेतो. इथे दोघं एकाच वेळी वाचतोय, एकाच वर्तमानपत्राची दोन करून.”

“घर तर एकच आहे.”

“असेल. त्याने घर लिहिलेलं नाही, मशीन लिहिलंय.” मग जरा मवाळ होऊन म्हणाले, “वहिनी, ती बेटं कोणीतरी काढली आहेत. किनारे बघा एकदा, किती बारीक काम आहे. त्या माणसाचंही टेबल असेल, दिवा असेल. तो समोर नाही म्हणून आपण हसत घेतोय. मी दुसरी प्रत विकत आणतो. आली की खेळू. दादाला एवढं सांगा.”

मी सांगितलं. हे म्हणाले, “म्हणजे मी पुन्हा चोर.”

“तसं नाही म्हणाले ते.”

“त्याला म्हणावं लागत नाही.”

पण दुसऱ्या दिवशी चार वाजता यांनी मशीन सुरू केलं. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत आहे, अशा अर्थाची. हे तासभर तिच्यासमोर बसले. तिसऱ्या दिवशीही. मी म्हटलं, “दुसरं काहीतरी खेळा.” “नको,” म्हणाले, “आणतोय ना तो.”

भाऊजी खरोखरच आणत होते. पण खेळ जुना झाला होता, दुकानांतून गेला होता. त्यांनी दुकानांची यादी केली, भाग पाडले, बसचे नंबर लिहिले आणि रोज एक भाग फिरू लागले. खेळ काढणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. ती दुसऱ्या कोणी विकत घेतली होती, म्हणून त्या दुसऱ्यांना लिहिलं. उत्तर आलं नाही. संध्याकाळी दमून येत आणि दारातच म्हणत, “आज नाही मिळाली, वहिनी. दादाला सांगा.”

त्याच सुमारास यांना पोटात दुखू लागलं आणि डोळे पिवळे दिसू लागले. तपासण्या झाल्या. सप्टेंबरच्या दोन तारखेला डॉक्टरांनी मला आणि यांना समोर बसवून सांगितलं, की स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, पसरला आहे. दोन महिने, फार तर तीन.

घरी येताना रिक्षात हे म्हणाले, “लेकीला सांग. त्याला नाही.”

“अहो, भाऊ आहेत ते.”

“म्हणूनच. अकरा वर्षं तो त्याच्या जागेवरून हलला नाही. आता मी मरतोय म्हणून येऊन बसला, तर मला कसं कळणार तो माझ्याकडे आला की माझ्या रोगाकडे? मला दया नकोय. मला शब्द दे.”

मी शब्द दिला. आज वाटतं, द्यायला नको होता. पण रिक्षातल्या त्या माणसाला नाही म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं. भाऊजींना सांगितलं, अल्सर आहे, वेळ लागेल. त्यांनी मान डोलवली आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानांवरून येताना यांच्यासाठी मऊ बिस्किटांचा पुडा आणू लागले. तोही माझ्यामार्फत.

आणि इकडे रोज चार वाजता ती ओळ. दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत आहे. यांच्या शर्टाची कॉलर मानेला सैल व्हायला लागली होती. मी भाऊजींना घाई करा म्हणू शकत नव्हते, कारण घाईचं कारण सांगता येत नव्हतं. तीन आठवडे मी पाहिलं. मग मला ते पाहवेना.

आमच्या कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करणारा होता. कायम डागणीच्या धुरात आणि तारांत, म्हणून त्याला सगळे ‘सोल्डर’ म्हणत. मी त्याच्यासमोर सीडी ठेवली.

“हिची दुसरी करून दे.”

“काकू, तुम्ही?” त्याने चष्मा वर केला. “मला वाटायचं या रस्त्यावर एक तरी सज्जन घर आहे.”

“बडबड नको. डबीही अशीच हवी, आणि वरचं चित्र छापून.”

“चित्र कशाला? आतला माल चालला म्हणजे झालं.”

“चित्र नसेल तर ते हातही लावणार नाहीत.”

तो हसायचा थांबला. कोणासाठी ते त्याला कळलं असावं. “फूटपट्टीला फसवताय, काकू? जपून.”

दुसऱ्या दिवशी मी डबी पिशवीत घालून घरी आले, तर हे पॅसेजमध्ये भिंतीला धरून उभे. “काय आणलंस?” मी दाखवली. आयुष्यभर छापखान्यात गेलेला माणूस. यांनी अंगठा कव्हरच्या कडेवरून फिरवला, उजेडात तिरकी धरली.

“इंकजेट. आणि कट वाकडा. माझ्याकडच्या पोराने असा कट मारला असता तर मी त्याला घरी बसवला असता.” माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता फेकून देतील. “दे त्याला,” म्हणाले. “मी काही बघितलं नाही.”

मी मागच्या खोलीत गेले. भाऊजी बसचं वेळापत्रक बघत होते.

“भाऊजी, मिळाली. लेकीने पाठवली. तिच्या ऑफिसात एकाकडे होती, तो आता खेळत नाही.”

“विकत घेतली?”

“विकत.”

“त्याने आपल्या मशीनवरून काढून टाकली ना? नाहीतर पुन्हा तेच.”

“काढून टाकली.”

कॉन्व्हेंटमध्ये, सिस्टरांच्या हाताखाली शिकलेली मी. खोटं बोलताना जीभ अडखळेल असं वाटलं होतं. एकदाही अडखळली नाही. भाऊजींनी डबी हातात घेतली. त्यांचा दुसरा हात सवयीने खिशातल्या भिंगाकडे गेला आणि तिथूनच परत आला. “तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्न नाही,” म्हणाले, आणि इतक्या लगबगीने खुर्ची ओढून बसले की ती भिंतीवर आपटली.

लेकीला फोन करून सांगावं लागलं, कारण काका तिचे आभार मानणार होते. ती म्हणाली, “आई, खोटं बोलले म्हणून लहानपणी तुझ्या हातचा किती मार खाल्लाय मी.”

सप्टेंबरच्या चोवीस तारखेपासून पुन्हा खेळ सुरू झाला. माझं सीडी नेण्याचं काम संपलं होतं, तरी चार वाजले की मी पॅसेजमध्ये काहीतरी काम काढत असे. आधीचाच विनोद, आधीचीच भांडणं. हे आता लवकर दमत. मी उशा लावून, कीबोर्ड ताटावर ठेवून देई. भाऊजींना वाटे, दादा आळशी खेळतोय. त्यांनी टाइप केलं, “झोपलास काय? तुझं बंदर वाळूने भरतंय.” यांनी उत्तर दिलं, “भरू दे. तू गाळ काढायला ये.”

ऑक्टोबरच्या अकरा तारखेला मी भाजी निवडत होते. मागच्या खोलीतून एकदम आवाज आला, “दादा! जहाज पाठवलंय, बघ! धान्य आहे त्यात!”

टाइप करायचं विसरून ते ओरडले होते. मग पुढच्या खोलीतून, बारीक झालेल्या पण स्पष्ट आवाजात उत्तर आलं, “आलं, आलं! धक्क्याला लागलं!”

मी तशीच बसून राहिले. अकरा वर्षं माझ्यातून गेलेलं बोलणं माझ्या डोक्यावरून सरळ पलीकडे गेलं होतं. त्यानंतर पट्टीत टाइप करणं जवळजवळ थांबलं. दोघं भिंतीतूनच ओरडत. “अरे, तो डोंगर फोड ना!” “फोडायचा नाही, वळसा घालायचा!” शेजारच्या बाईंनी विचारलं, “तुमच्याकडे भांडणं चाललीत का हो?” मी म्हटलं, “हो, हो.”

पण भाऊजी आमच्या खोलीत आले नाहीत आणि हेही मागे गेले नाहीत. उंबरा तेवढा दोघांनी राखला. मला वाटे, आज ना उद्या ओलांडतील. ऑक्टोबरच्या सत्तावीस तारखेला हे खेळता खेळता थांबले. भाऊजी ओरडत राहिले, “दादा, चाल. दादा?” मग धावत आले. यांची शुद्ध गेली होती. हॉस्पिटलात तीन दिवस भाऊजी उशाशी बसून होते. तिथे त्यांना सगळं कळलं. मला काही विचारलं नाही. नुसते यांचा हात धरून बसले. हे शुद्धीवर आले नाहीत.

खेळ पुन्हा सुरू झाल्यापासून चौतीस दिवस. डायरीत मी ते नंतर मोजले. त्यातल्या एकतीस दुपारी ते खेळले होते.

महिन्याभराने भाऊजी स्वयंपाकघरात आले आणि स्टुलावर बसले. हातात ती डबी होती.

“ही पुतणीला देऊन टाकू. माझ्या मशीनवरून मी काढून टाकलाय, तेव्हा देण्यात काही गैर नाही. दादाची प्रत तुमच्याकडे असू दे.” ते डबीवरून हात फिरवत राहिले. “वहिनी, एक सांगू? तो आजारी होता हे मला सांगितलं नाही, ते मला लागलं. पण त्याचा निरोप होता, ठीक आहे. एका गोष्टीच्या आधारावर मला रात्री झोप लागते. या वेळी दादा थांबला. नकाशाच्या वेळी थांबला नव्हता. या वेळी त्याने माझ्या नियमासाठी दीड महिना वाट पाहिली आणि मगच खेळला. आमच्यात शेवटी काही खोटं नव्हतं. आणि ते तुमच्यामुळे.”

मी गप्प बसले असते तर त्यांनी ते समाधान बरोबर नेलं असतं. अजूनही कधी कधी पहाटे जाग आली की वाटतं, गप्प का बसले नाहीस? पण ‘तुमच्यामुळे’ हा शब्द मला गिळता आला नाही.

“भाऊजी, ती कॉपी आहे. सोल्डरकडून मी करून घेतली. लेकीने काही पाठवलं नव्हतं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खिशातून भिंग काढलं, डबीवर धरलं. एवढा वेळ काही लागणार नव्हता, पण ते बराच वेळ बघत राहिले. मग भिंग खिशात, डबी टेबलावर, आणि ते उठून गेले.

बोलणं त्यांनी बंद केलं नाही. माझ्याशी तसं वागावं असं त्यांना वाटलं नसावं. “वहिनी, जेवण झालं.” “वहिनी, बाहेर जातोय.” एवढंच. मला वाटे, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

बाराव्या दिवशी ते पुन्हा त्याच स्टुलावर येऊन बसले. मी चहा ठेवला. कपाला हात न लावता म्हणाले,

“तुम्ही मला सांगितलं असतंत, दादा दोन महिन्यांचा सोबती आहे, तर मी ती एकच सीडी घेऊन खेळलो असतो.”

“मी शब्द दिला होता.”

“ठाऊक आहे. तरी ऐका. मी नियम मोडला असता. जाणूनबुजून. दादासाठी. आयुष्यात एकदा त्याच्यासाठी काहीतरी चुकीचं केलं असतं. ते तुम्ही मला करू दिलं नाहीत. माझा नियम माझ्या नकळत मोडून ठेवलात. त्यात माझं काय राहिलं?”

मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “खरंच मोडला असता का? तेही आता कळायचं नाही. कदाचित मी म्हटलं असतं, थांबा, अजून दोन दुकानं राहिलीत.”

चहावर साय धरली. मी दुसरा करू का विचारलं, तर नको म्हणाले. उठता उठता दारात थांबले.

“दादाला ठाऊक होतं? कॉपी आहे म्हणून?”

यांचा अंगठा त्या कडेवरून फिरताना मला दिसला. इंकजेट, कट वाकडा, दे त्याला. एकदा खरं सांगून मी या माणसाचं काय केलं, तेही समोर दिसत होतं.

“नाही,” मी म्हटलं. “त्यांनाही वाटलं, लेकीने पाठवलेली खरी प्रत आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी श्वास सोडला. “मग तो तरी खरा खेळला,” म्हणाले. “माझ्यासाठी थांबून.”

त्या शनिवारी ते बूट घालून बाहेर निघाले. यादी हातात होती, तीच जुनी, दुकानांची. मी विचारलं, “आता कशाला?” म्हणाले, “दोन मशिनांवर खेळलो आम्ही, वहिनी. दोन प्रती घ्यायला हव्या होत्या. एक अजून बाकी आहे.” खेळायला कोणी नव्हतं. त्यांच्या मशीनवर तो खेळही नव्हता. तरी गेले.

पुढची चार वर्षं दर शनिवारी जात राहिले. जुन्या वस्तूंची दुकानं, रद्दीवाले, रस्त्यावर विकायला मांडलेली जुन्या सीडींची खोकी. सोल्डरलाही त्यांनी सांगून ठेवलं होतं, आणि तो बिचारा खरंच शोधत असे. माझ्याशी त्यांचं बोलणं हळूहळू पहिल्यासारखं झालं. अगदी पहिल्यासारखं नाही. मी काही सांगितलं की ते ऐकून घेत आणि क्षणभर थांबत. पूर्वी थांबत नसत.

शेवटच्या वर्षी त्यांना दम लागायचा, तरी जात. वारले त्याच्या आदल्या शनिवारीही गेले होते. परत आले तेव्हा मी दारातच होते.

“मिळाली?”

“नाही,” पायरीवर बसून ते बुटाची नाडी सोडू लागले. “पण पुलापलीकडे एकाने नवं दुकान काढलंय म्हणतात. तिकडचं राहिलंय अजून.”